पंच्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा आणि खालची माती

कोल्हापुरातून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेला निघाले की गोकुळ शिरगाव मागे पडते आणि कागलच्या अलीकडे डाव्या हाताला माळावर पंचतारांकित एमआयडीसीचा पसारा सुरू होतो. सरकारी कागदांत तिचे नाव कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी ही गावे तिच्या आजूबाजूला. उत्तरेला पंचगंगा, दक्षिणेला दूधगंगा, आणि मधल्या उंचवट्यावर फाउंड्र्या, मशीनशॉप, इंजिनांचे आणि कापडाचे कारखाने. वरवर पाहता ही जागा नदीकाठची वाटत नाही. पण दोन नद्यांमधल्या माळावर पडलेला पाऊस ओढ्या-ओघळींनी शेवटी यातल्या एका नदीलाच जाऊन मिळतो, आणि जो मुरतो तो विहिरींत उतरतो. म्हणून या मातीत काय साठते आहे हा प्रश्न कुंपणाच्या आत संपत नाही. तो आत्ताच, कारखाने चालू असताना, वसाहत अजून तरुण असताना विचारायला हवा, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. कारखान्याची जमीन साफ होते की नाही हे यंत्रांवर फारसे अवलंबून नसते. ती जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा कोणी मातीची तपासणी मागतो का, यावर ते ठरते. कागलमध्ये तशी तपासणी मागण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे आहे, कारण सगळ्या भूखंडांची मालक तीच आहे.

हात बदलण्याच्या क्षणाला एवढे महत्त्व का, हे अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहराने शिकवले. तिथल्या लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. मग वर माती लोटून ती जमीन शहराच्या शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. खरेदीखतात पुरलेल्या रसायनांचा उल्लेख होता, आणि पुढे काही झाले तर कंपनी जबाबदार नाही असे कलमही होते. तिथे शाळा झाली, घरे झाली, आणि १९७८ मध्ये तळघरांतून रसायने पाझरू लागल्यावर सरकारला आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क या गावात १९८० मध्ये तसेच घडले; रासायनिक पिंपांच्या भरावावर वसलेली वस्तीच उठवावी लागली. दोन्ही ठिकाणी व्यवहाराच्या दिवशी माती तपासली असती तर खर्च एका कारखान्याच्या हिशेबात बसला असता. तो पुढे करदात्यांच्या माथी आला, आणि आजारपण रहिवाशांच्या.

आपल्याकडे या क्षणाकडे किती सहज पाठ फिरवली जाते याचे मोठे उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचे आहे. १९८२च्या संपानंतर गिरणगावातली जमीन विकायला निघाली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने तिचे तीन वाटे सांगितले: मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालकाचा हिस्सा. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या भूखंडापुरती केली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शहराला किती बाग मिळणार आणि कामगाराला किती घरे, हा वाद पूर्णपणे रास्त होता. पण ती सगळी लढाई क्षेत्रफळाची होती. शंभर वर्षे बॉयलर, कोळसा, यंत्रतेल आणि कुठे कुठे रंगाई झालेल्या जमिनीत काय मुरले आहे, याची अट त्या वाटणीत नव्हती. कोल्हापुरातही असाच प्रश्न समोर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये उभी केलेली शाहू मिल कोटितीर्थ तलावाला लागून आहे. ती २००३ मध्ये बंद पडली आणि तिथे महाराजांचे स्मारक व्हावे ही मागणी अनेक वर्षांची आहे. स्मारक व्हायलाच हवे. फक्त त्याआधी गिरणीच्या आवारातली माती आणि तलावाच्या तळाचा गाळ तपासला जावा. शाहू महाराजांच्या नावाने जिथे मुले खेळतील, ती जमीन निर्धोक आहे हे कागदावर असले पाहिजे.

शिवाजी उद्यमनगर त्याहून बोलके आहे. उपसा सिंचनाला आणि गुऱ्हाळांना लागणारी ऑइल इंजिने बनवताना कोल्हापूरने ओतकाम आत्मसात केले, आणि ती सगळी कारागिरी उद्यमनगरात फुलली. आज शहर त्याच्या चारी बाजूंना पसरले आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि मग कागल हा त्याच उद्योगाचा बाहेर सरकलेला प्रवास. महामार्गाच्या कडेने शहर ज्या वेगाने वाढते आहे ते पाहता पंचतारांकितचे भूखंडही एक दिवस वस्तीने वेढले जातील. तेव्हा कोणीतरी म्हणेल की इथे आता कारखाना नको, घरे हवीत. लंडनने २०१२च्या ऑलिंपिकसाठी ली नदीच्या खोऱ्यातली जुनी औद्योगिक जमीन घेतली तेव्हा तिथली माती खणून, धुऊन, चाळून पुन्हा वापरावी लागली. सिॲटलमधल्या तळ्याकाठच्या गॅसनिर्मिती कारखान्याचे १९७५ मध्ये उद्यान झाले, पण मातीतल्या तेलकट अवशेषांचा पाठपुरावा त्यानंतरही दशकानुदशके चालू राहिला. श्रीमंत शहरांनाही एवढे जड गेलेले काम कोल्हापूरला उद्या झेपेल का? ते करण्याची वेळच कमीत कमी यावी, हा शहाणपणाचा मार्ग आहे.

आता मातीत नेमके काय जाते ते पाहू, कारण इथे घाईने काढलेला निष्कर्ष उद्योगावर अन्याय करू शकतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून बाहेर पडणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे साच्याची वापरलेली काळी वाळू. बहुतेक साचे सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळून केले जातात. ही वाळू पुन्हा पुन्हा वापरली जाते आणि बारीक होऊन निकामी झाली की फेकली जाते. गाभ्यांसाठी फिनॉल किंवा फ्युरानचे राळ घातलेली वाळू लागते. ही काळी वाळू खड्डे, ओघळी आणि रस्त्याच्या कडा भरायला वापरली गेली की लोकांना ती विषच वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये कृषी खाते आणि ओहायो राज्य विद्यापीठ यांच्याबरोबर केलेल्या जोखीम मूल्यांकनाचा निष्कर्ष वेगळा होता. लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या ओतकामातली सिलिका वाळू ठरावीक मातीकामांत निर्धोकपणे वापरता येते, असे त्यांना आढळले. पितळ आणि ब्राँझच्या ओतकामातल्या वाळूला मात्र ही मोकळीक नव्हती, कारण तिच्यात शिसे, तांबे, जस्त उतरते. म्हणजे एकच काळा ढीग एका कारखान्याचा निरुपद्रवी आणि शेजारच्याचा घातक असू शकतो. डोळ्यांना तो फरक दिसत नाही, प्रयोगशाळेला दिसतो. तपासणीची सक्ती झाली तर तिचा सगळ्यात मोठा फायदा प्रामाणिक लोखंडी फाउंड्रीला होईल. आज कलंक असलेली तिची वाळू उद्या रस्त्याच्या पायात आणि विटांत मान्यतेने जाऊ शकेल.

वाळूपेक्षा काळजीची गोष्ट आकाराने लहान असते. मुलामा देण्याच्या टाक्यांतले षट्संयुजी क्रोमियम, निकेल आणि सायनाइड; मशीनशॉपमधले कापणतेल; भट्टीच्या धूळसंग्राहकातली भुकटी; कापडप्रक्रियेतले क्षार; आणि सांडपाणी प्रक्रियेनंतर उरणारा गाळ. यातला घातक ठरणारा गाळ २०१६च्या नियमांप्रमाणे अधिकृत विल्हेवाट केंद्रात गेला पाहिजे, आणि पश्चिम महाराष्ट्रासाठी असे केंद्र पुण्याच्या पलीकडे रांजणगावला आहे. अडीचशे किलोमीटरहून लांबची वाहतूक आणि तिथले शुल्क यांचा हिशेब मांडला की एखाद्या लहान कारखान्याला मागच्या कुंपणाशी खड्डा घेण्याचा मोह का होत असेल हे कळते. मोह समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. पण नियम करणाऱ्याने तो गृहीत धरला नाही, तर नियम कागदावर राहतो.

या सगळ्याखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, आणि त्याचा स्वभाव इथे फार निर्णायक ठरतो. काळ्या मातीतली चिकणमाती शिसे, जस्त, तांबे यांच्यासारखे धातू घट्ट धरून ठेवते. म्हणून असे प्रदूषण बहुधा वरच्या हाता-दोन हातांत सापडते आणि खणून काढता येते. षट्संयुजी क्रोमियमचा क्रोमेट मात्र ऋणभारित असतो, त्याला ही माती धरत नाही. तो पाण्याबरोबर चालू पडतो. उन्हाळ्यात काळी माती उलते, भेगा खोल जातात, आणि वळवाचा पहिला पाऊस वरचे जे काही असेल ते थेट खाली मुरमात नेतो. मुरमाखाली सांध्याभेगांचा खडक. त्यातले पाणी वाळूतल्यासारखे सावकाश आणि सरळ झिरपत नाही, भेग नेईल तिकडे धावते. त्यामुळे दोनशे मीटरवरची विहीर स्वच्छ आणि किलोमीटरवरची बोअर दूषित, असेही घडू शकते. जर्मनीतल्या किंवा हॉलंडमधल्या गाळाच्या सपाट जमिनीसाठी लिहिलेली तपासणीची पद्धत इथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आणि एकदा क्रोमियम खडकाच्या भेगेत शिरले की ते पूर्ण बाहेर काढण्याची हमी कोणताही अभियंता देणार नाही.

उशिरा जाग आली की काय होते हे पाहायला परदेशात जायला नको. तमिळनाडूत कोडाईकनालला हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटर कारखाना होता. पारा लागलेली काच भंगारवाल्याकडे गेल्याचे उघड झाल्यावर तो २००१ मध्ये बंद झाला. त्यानंतर आवारातली माती धुऊन आणि तापवून पारा काढायचा ठरले, पण किती काढायचा यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. प्रति किलो मातीत २० मिलिग्रॅमपर्यंत पारा राहिला तर चालेल असे मान्य झाले. शोला जंगल आणि खालचे पाणी लक्षात घेता ही मर्यादा फार ढिली आहे असे पर्यावरण कार्यकर्ते म्हणत राहिले. दोन दशके यात गेली, आणि हे प्रकरण तर एका मोठ्या, पैसेवाल्या, नाव सांभाळणाऱ्या कंपनीचे. भोपाळच्या युनियन कार्बाइड आवारातला ३३७ टन साठवलेला कचरा १९८४च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला. मातीचा आणि भूजलाचा प्रश्न तरीही मागे राहिला. कागलमधला वीस कामगारांचा कारखाना उद्या दिवाळखोरीत गेला, मालक निघून गेला, बँकेने शेड लिलावात विकली, तर त्या मातीचा हिशेब कोणाकडून घेणार?

याचे उत्तर भाडेपट्ट्यात आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, भूखंड विकत नाही. ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. १९९८ मध्ये दिलेल्या भूखंडाचा करार २०९३ ला संपेल. मधल्या काळात तो भूखंड दुसऱ्याला द्यायचा तर महामंडळाची संमती आणि हस्तांतरण शुल्क लागते. म्हणजे जमिनीची मालकी सार्वजनिक आहे, आणि प्रत्येक हस्तांतराला एक दरवाजा आहे ज्याची किल्ली महामंडळाकडे आहे. आज त्या दरवाजावर थकबाकी, बांधकाम, वापर यांची विचारणा होते. तिथेच मातीचा अहवाल मागावा. भूखंड घेताना एक तपासणी, जिच्यात सुरुवातीची स्थिती नोंदली जाईल. सोडताना किंवा दुसऱ्याला देताना दुसरी. दोन्हींमधला फरक जाणाऱ्याचा. हा फरक भरून निघेपर्यंत संमती नाही, किंवा साफसफाईची रक्कम हस्तांतराच्या किमतीतून राखून ठेवायची.

हे स्वप्नरंजन नाही. न्यू जर्सी राज्याने १९८३ मध्येच कायदा केला की ठरावीक उद्योगांनी जागा विकण्यापूर्वी किंवा बंद करण्यापूर्वी तपासणी आणि गरज असेल तर साफसफाई करावी. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात १९९५च्या कायद्यानुसार जमिनीच्या प्रत्येक हस्तांतराला मातीचे प्रमाणपत्र लागते, आणि धोक्याचा उद्योग झालेल्या जमिनीची आधी पाहणी करावी लागते. तिथे गावोगावच्या जमिनींचा नोंदपट तयार झाला तो मुख्यतः या सक्तीमुळे, कारण जमीन आज ना उद्या हात बदलतेच. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले हे मोठे पाऊल आहे. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांची यादी द्यावी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपास करावा, दूषित करणाऱ्याकडून खर्च घ्यावा, असे त्यात आहे. पण हे नियम संशय आल्यानंतर जागे होतात, आणि साफसफाई पूर्ण कधी व्हावी याची मुदत त्यांत बांधलेली नाही. कोणती जागा संशयित हे जिल्हाधिकारी कार्यालयाला कळणार कसे, या प्रश्नाला भाडेपट्ट्याची तपासणी हेच चांगले उत्तर ठरेल.

पहिला आक्षेप लहान उद्योजकाचा असेल, आणि तो गंभीरपणे ऐकायला हवा. ओतकामातला नफा बारीक असतो, वीज आणि लोखंडाचे भाव हातात नसतात, त्यात ही नवी अट. शिवाय न्यू जर्सीत पहिल्या कायद्याने व्यवहार अडकून पडले आणि १९९३ मध्ये तो सुधारावा लागला, हेही खरे. उलट बाजूने अमेरिकेतल्या १९८०च्या सुपरफंड या दूषित जागांच्या साफसफाईच्या कायद्याची दहशत एवढी बसली की जुन्या औद्योगिक जागा घ्यायला कोणी धजेना आणि उद्योग ताज्या शेतजमिनीवर गेले. २००२ मध्ये निर्दोष खरेदीदाराला संरक्षण द्यावे लागले. यातून धडा असा की सुरुवातीची तपासणी हे घेणाऱ्याचे कवच आहे. जो माणूस आज जुना भूखंड घेतो आहे त्याच्यावर आधीच्याचे पाप येऊ नये, आणि ते नोंदवलेल्या तपासणीशिवाय शक्य नाही. खर्चाची पायरीही लावता येईल. नुसते यंत्रभाग जोडणाऱ्या शेडला मोजके नमुने पुरेत. मुलामा, पितळ ओतकाम, रंगाई यांना खोल बोअर हवी. हस्तांतर शुल्काचा एक भाग याच निधीत वळवला तर पैशाचा वेगळा स्रोत शोधावा लागणार नाही.

दुसरा आक्षेप म्हणतो की सांडपाण्यावर प्रक्रिया होते, मग मातीचा बाऊ कशाला. प्रक्रिया होते हे चांगलेच. पण प्रक्रिया केंद्र नळातून आलेले पाणी पाहते. अंगणात सांडलेले तेल, पावसात भिजलेला ढीग, फुटलेल्या टाकीखालची जमीन त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय ते स्वतः गाळ निर्माण करते. तिसरा आक्षेप असा की पंचगंगेची दुर्दशा कोल्हापूरच्या मैलापाण्याने आणि इचलकरंजीच्या कापडउद्योगाने झाली, माळावरच्या कारखान्यांना का धरता. मैलापाण्याचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. तरी नदीत जाणारे मैलापाणी प्रक्रिया केंद्र बांधून थांबवता येते, भेगेतले क्रोमियम थांबवता येत नाही. आणि ज्या दूधगंगेवर आज इतरांचे डोळे आहेत ती अजून बरीच स्वच्छ आहे, म्हणूनच इचलकरंजीने सुळकूडहून पाणी न्यायचे ठरवले आणि म्हणूनच काठच्या गावांनी विरोध केला. २०१२ च्या कावीळ साथीने इचलकरंजीला दूषित पाण्याची किंमत दाखवलेली आहे. एक नदी गेल्यावर दुसऱ्या नदीवरून गावे एकमेकांसमोर उभी राहतात.

दूषण सापडलेच तर हात टेकायचे असेही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीत तटरक्षक दलाच्या तळावर मुलाम्याच्या शॉपमधून क्रोमियम भूजलात उतरले होते. तिथे जून १९९६ मध्ये पाण्याच्या वाटेवर चर खणून तो लोखंडाच्या किसाने भरला. लोखंड षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी करते, जे पाण्यातून वाहून जात नाही, जागीच बसते. पाणी भिंतीतून आपोआप पार होते, पंप लागत नाही. कोल्हापूरच्या लेथवरून रोज पोत्यांनी बीड आणि लोखंडाचा कीस पडतो. तो तेल काढून, धुऊन, नीट वर्गवारी करूनच असा वापरता येईल, आणि आपल्या भेगाळ खडकात चर कुठे घ्यायचा हे वाळूच्या जमिनीइतके सोपे नाही. पण हा प्रयोग करायला शिवाजी विद्यापीठ आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपेक्षा जवळचे कोण आहे?

सुरुवात लहान करता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच. वसाहतीच्या दोन्ही उतारांवर, तळंदगे-पट्टणकोडोलीकडे आणि सांगाव-कागलकडे, अशा काही विहिरी वाढवाव्यात आणि पातळीबरोबर क्रोमियम, निकेल, शिसे, क्लोराइड आणि विद्राव्य क्षार मोजावेत. एकदा मे महिन्यात, एकदा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. आकडे ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावेत. त्याच वर्षी हस्तांतराला येणाऱ्या भूखंडांपैकी मुलामा, पितळ ओतकाम आणि रंगाई झालेले भूखंड आधी घ्यावेत. ज्यांचे करार २०९० नंतर संपणार आहेत त्यांच्या शेवटच्या अहवालाशी ताडून पाहायला पहिला अहवाल लागेल, आणि तो लिहिण्यासाठी सगळ्यात स्वस्त वर्ष हेच आहे.